पाळकपद सोडून कॅथलिक होणाऱ्यांना आधार कुणाचा?



समजा, तुमच्या मुलाच्या शाळेच्या बसथांब्यावर रोज सकाळी एक गृहस्थ भेटतात. कोपऱ्यावरच्या चर्चचे ते पास्टर. बर्फात रुतलेली तुमची गाडी त्यांनी एकदा ढकलून दिली होती. तुम्ही दिवाळीला दिलेल्या चकल्या त्यांच्या मुलांना आवडतात. एके दिवशी ते हळूच सांगतात, "मी राजीनामा देतोय. महिनाअखेरीला घर सोडायचं आहे. आम्ही कॅथलिक होणार आहोत."

तुम्ही काय म्हणाल? आपल्यातले बरेच जण म्हणतील, "अहो, पण तुम्ही आधीपासून ख्रिस्तीच आहात ना? मग घर कशाला सोडायचं?" आज आपण याच प्रश्नाचं उत्तर पाहणार आहोत. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत पास्टरला पाळक म्हणतात. मीही पुढे तोच शब्द वापरेन.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे तोच येशू आणि तेच बायबल दिसतं. पण सोळाव्या शतकात ही वाट फुटली आणि तेव्हापासूनचे मतभेद आजही खरे आहेत. बायबलचा अर्थ शेवटी कुणी लावायचा? पोपचा अधिकार मानायचा की नाही? मिस्सात भाकर आणि द्राक्षारस यांचं नेमकं काय होतं? ज्यानं पंधरा-वीस वर्षं व्यासपीठावरून एक उत्तर शिकवलं, त्याला वाचता वाचता, प्रार्थना करता करता दुसरं उत्तर पटायला लागतं. मग रविवारी उभं राहून जुनं उत्तर सांगायचं कसं? सामान्य माणसाचं मत बदललं तर तो दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन बसतो. सोमवारी त्याची नोकरी असते तशीच असते. पाळकाचं तसं नाही. त्याचा विश्वास हाच त्याचा पेशा असतो.

आता हिशेब मांडू. राजीनाम्याच्या दिवशी त्याचं काय काय जातं?

पहिला पगार. अमेरिकेत नोकरी गेली की बेकारभत्ता मिळतो असं आपण धरून चालतो. पण चर्चमधली नोकरी साधारणपणे बेकारी विम्याच्या कक्षेबाहेर असते. त्यातून यानं स्वतः राजीनामा दिलेला. म्हणजे भत्त्याची आशा नाही.

दुसरं घर. अनेक पाळक चर्चच्या मालकीच्या घरात राहतात. पद असेपर्यंत ती मोठी सोय असते. पण शेजाऱ्यानं वीस वर्षं हप्ते भरले तर त्याच्या नावावर घर उभं राहतं, आणि चर्चच्या घरात वीस वर्षं राहिलेल्या पाळकाच्या हातात शेवटी फक्त किल्ली परत करणं उरतं.

तिसरा आरोग्य विमा. तो बहुधा नोकरीलाच जोडलेला असतो. नोकरी सुटल्यावर काही महिने स्वतःच्या पैशानं जुना विमा चालू ठेवण्याचा जो संघीय कायदा आहे, कोब्रा म्हणून आपल्याला माहीत असलेला, तो चर्चच्या विमा योजनांना लागू नाही. सरकारी बाजारपेठेतून नवा विमा घेता येतो, पण जुना विमा संपल्यापासून ६० दिवसांच्या आत. घर बदलण्याच्या धांदलीत ही मुदत चुकू शकते.

यात आणखी एक मेख आहे. सोशल सिक्युरिटीच्या बाबतीत पाळकाला स्वयंरोजगारी धरतात. धार्मिक कारणासाठी अर्ज करून तो या योजनेतून बाहेर पडू शकतो. काहींनी तरुणपणी असा अर्ज केलेला असतो. मग पाळकपणाच्या कमाईवर पुढे निवृत्तिवेतन मिळत नाही. पन्नाशीत पद सोडताना हे एकदम समोर येतं.

चौथी गोष्ट पैशात मोजता येत नाही. त्याचे मित्र, मुलांचे सवंगडी, आजारपणात जेवणाचा डबा आणून देणारी माणसं, सगळी त्याच मंडळीतली असतात. ज्यांची लग्नं त्यानं लावली, ज्यांच्या आईबापांना त्यानं मूठमाती दिली, ती माणसं दुखावली जातात. काही बोलणं सोडतात. त्यांनाही दोष देता येत नाही. "इतकी वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत ते खोटं होतं का?" हा त्यांचा प्रश्न रास्त असतो. म्हणून कसं सोडलं हे फार महत्त्वाचं. आधी जबाबदार मंडळींना खासगीत सांगावं, कुणाला आपल्याबरोबर ओढू नये, शेवटच्या प्रवचनात वाद घालू नये, आभार मानून निघावं. जाणाऱ्याकडून एवढं तरी व्हायला हवं.

श्रोतेहो, आपल्याकडे धर्मांतर म्हटलं की "आमिष" हा शब्द लगेच ओठांवर येतो. तांदळासाठी ख्रिस्ती झाला, नोकरीसाठी झाला, असं म्हणायची सवय आहे. या पाळकांच्या बाबतीत मामला उलटा आहे. इथे विश्वास बदलल्यानं ताटातली भाकरी जाते. आणि म्हणूनच त्यांना मदत करणाऱ्यापुढे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. मदत केली नाही, तर भुकेच्या भीतीनं माणूस मनाविरुद्ध जुन्या जागी राहील. मदत आधीच पुढे केली, तर तीच आमिष ठरेल. या दोहोंच्या मधून वाट काढायची आहे.

हा प्रश्न नवा नाही. लेव्ही सिलिमन आइव्हज हे नॉर्थ कॅरोलायनाचे एपिस्कोपल बिशप होते. १८५२ मध्ये रोमला जाऊन ते कॅथलिक झाले. त्यांच्या पत्नी रिबेका या न्यूयॉर्कचे एपिस्कोपल बिशप जॉन हेन्री होबार्ट यांच्या कन्या. म्हणजे माहेर आणि सासर दोन्ही त्याच पंथाच्या शिखरावर. आइव्हज विवाहित असल्यानं कॅथलिक धर्मगुरू होऊ शकले नाहीत. कालचा बिशप आज सामान्य प्रापंचिक झाला. पुढे त्यांनी न्यूयॉर्कमधल्या कॅथलिक संस्थांत शिकवलं आणि १८६३ मध्ये निराधार मुलांसाठी कॅथलिक प्रोटेक्टरी ही संस्था उभी केली. त्यांना काम मिळालं, कारण त्यांचं नाव मोठं होतं. खेड्यातल्या साध्या पाळकाचं काय?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला १८९६ मध्ये पहिलं ठोस उत्तर मिळालं. त्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी अँग्लिकन चर्चमधली धर्मगुरुदीक्षा कॅथलिक दृष्टीनं ग्राह्य नाही, असा निर्णय दिला. म्हणजे जो अँग्लिकन धर्मगुरू कॅथलिक होईल, त्याचं धर्मगुरुपद राहणार नाही हे पक्कं झालं. आणि त्याच वर्षी, त्याच पोपच्या इच्छेनुसार, अशा लोकांना आर्थिक मदत देणारी कन्व्हर्ट्स एड सोसायटी सुरू झाली. ही संस्था आज सेंट बार्नबस सोसायटी या नावानं चालते. मला यातला व्यवहार आवडतो. निर्णय कठोर होता, पण त्याची झळ ज्यांना बसणार त्यांच्या घरभाड्याचा विचारही झाला.

अमेरिकेत हे काम एका माजी पाळकानं हाती घेतलं. मार्कस ग्रोडी हे प्रेस्बिटेरियन पाळक होते. ते पद सोडून कॅथलिक झाले आणि १९९३ मध्ये त्यांनी ओहायोमध्ये द कमिंग होम नेटवर्क ही संस्था सुरू केली. १९९७ पासून द जर्नी होम या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी अशा प्रवासातल्या माणसांना बोलतं केलं. त्यांच्या कामाचं मूळ सूत्र साधं आहे: या वाटेनं आधी गेलेल्या माणसानं नव्यानं निघालेल्याशी बोलायचं. ज्याचा निर्णय झालेला नाही त्याच्याशीही बोलायचं. त्याला ढकलायचं नाही आणि ओढायचंही नाही.

हे का महत्त्वाचं? कारण पाळकाला मनातली शंका सांगायला जागाच नसते. वरिष्ठांना सांगितली तर पद धोक्यात येतं, मंडळीला सांगितली तर त्यांचा विश्वास हलतो. कधी कधी तर घरातही सांगता येत नाही.

घराचा विषय निघालाच आहे, तर स्कॉट हान यांचं उदाहरण सांगतो. हेही प्रेस्बिटेरियन पाळक. १९८६ मध्ये ते कॅथलिक झाले. पत्नी किंबर्ली पाळकाचीच मुलगी. तिला ते पटलं नाही. नवरा एका चर्चमध्ये, बायको दुसऱ्या, मुलं मध्ये, अशी वर्षं त्या घरानं काढली. १९९० मध्ये किंबर्लीही कॅथलिक झाल्या, स्वतःच्या वाचनानं आणि स्वतःच्या वेळेनं.

मराठी माणसाला हे वाचताना लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षं काय होती ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. नवऱ्याच्या अंतरात्म्याचा निर्णय बायकोच्या संसारावर कसा कोसळतो, हे मराठीत याहून स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही. टिळक कॅथलिक झाले नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. पण १९१७ मध्ये त्यांनी त्या मिशनची पगारी सेवाही सोडली आणि 'देवाचा दरबार' ही स्वतंत्र वाट धरली. आतला आवाज आणि महिन्याचा पगार यांचा झगडा आपल्या भाषेला परका नाही.

म्हणून पाळकाला आधार द्यायचा म्हणजे त्याच्या पत्नीलाही द्यायचा, आणि तिनं नवऱ्याच्या मागोमाग यायलाच हवं अशी अट त्यात नको. ती जुन्याच चर्चमध्ये राहिली तरी घरभाडं दोघांचंच असतं.

आता पुढचा प्रश्न. तो पाळक कॅथलिक झाल्यावर कॅथलिक धर्मगुरू होऊ शकतो का?

आधी प्रवेशाचं पाहू. त्याचा बाप्तिस्मा वैध असेल तर पुन्हा होत नाही. तो विश्वासाची कबुली देतो, त्याला दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद मिळतो. ऐकायला सोपं. पण पती-पत्नींपैकी कुणाचा आधी घटस्फोट होऊन पुनर्विवाह झाला असेल, तर आधीच्या विवाहाबद्दल चर्चच्या न्यायमंडळाचा निर्णय यावा लागतो. त्याला महिने जातात. म्हणजे जुनं दार बंद झालंय, नवं अजून उघडलं नाही, अशा उंबरठ्यावर एखादं कुटुंब बराच काळ उभं राहू शकतं. मदतीची गरज सर्वांत जास्त असते ती याच काळात.

धर्मगुरुपदाचं म्हणाल, तर अविवाहित पुरुषाला प्रशिक्षण घेऊन ती वाट मोकळी आहे. न्यूयॉर्कचे लुथरन पाळक रिचर्ड जॉन न्यूहाउस १९९० मध्ये कॅथलिक झाले आणि १९९१ मध्ये धर्मगुरू. विवाहितांसाठी पोपची खास सवलत लागते. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अमेरिकेतल्या माजी एपिस्कोपल धर्मगुरूंसाठी पास्टोरल प्रोव्हिजन नावाची तरतूद केली. तिच्यातून आजवर शंभराहून अधिक जणांना दीक्षा मिळाली आहे. पुढे १ जानेवारी २०१२ रोजी अँग्लिकन परंपरेतून येणाऱ्यांसाठी ह्यूस्टनला केंद्र असलेला, संत पेत्राच्या आसनाच्या नावाचा एक स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. अमेरिका आणि कॅनडा हे त्याचं क्षेत्र. त्याचे पहिले प्रमुख जेफ्री स्टीनसन. हे पूर्वी एपिस्कोपल बिशप होते. विवाहित असल्यानं कॅथलिक चर्चमध्ये त्यांना बिशप होता आलं नाही. धर्मप्रांताचे प्रमुख झाले तेही साधे धर्मगुरू म्हणूनच.

पण या वाटा सगळ्यांसाठी नाहीत. बॅप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल पाळकाला सवलत मिळणं फार अवघड. आणि स्त्री-पाळकासाठी ही वाटच नाही. जी बाई दहा वर्षं व्यासपीठावरून बोलली, ती कॅथलिक होते तेव्हा ते व्यासपीठ कायमचं सोडते. हे जाणूनही काही जणी येतात. त्यांच्या निर्णयाचं वजन आपण ओळखायला हवं.

म्हणजे माजी पाळकाला बहुधा दुसरं काम शोधावं लागतं. कुणी कॅथलिक शाळेत शिकवतं, कुणी रुग्णालयात आजाऱ्यांना आध्यात्मिक सोबत देण्याचं काम करतं, कुणी विमा विकतं, कुणी ट्रक चालवतं. हातात असते तीन वर्षांची धर्मशास्त्राची पदवी आणि बरेचदा तिचं कर्ज. "मला काय येतं?" असं तो स्वतःलाच विचारत असतो. त्याला खरं तर पुष्कळ येतं. शेकडो माणसांसमोर बोलणं, अंदाजपत्रक सांभाळणं, स्वयंसेवकांकडून काम करून घेणं, भांडण मिटवणं, मरणाऱ्याच्या उशाशी बसणं. पण हे नोकरीच्या अर्जात कसं लिहायचं ते त्याला माहीत नसतं.

इथे, श्रोतेहो, तुमची-माझी पाळी येते.

तुम्ही वसईहून इथे आलेले कॅथलिक असाल, तर तुमच्या धर्मग्रामात असं कुटुंब आलं की त्याला लगेच मंचावर उभं करू नका. "या, तुमची साक्ष सांगा" असं आपण उत्साहानं म्हणतो. त्याचा जुना मित्र ती साक्ष ऐकतो आणि आणखी दुखावतो. त्याला वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसू द्या. रविवारी मिस्सानंतर कॉफीला बोलवा. त्याच्या मुलांना तुमच्या मुलांबरोबर खेळू द्या. आणि धर्मगुरूंना विचारा, या घराला पहिले सहा महिने भाड्याला हातभार लावता येईल का? तोही निमूटपणे, पावती न मागता.

तुम्ही प्रॉटेस्टंट असाल आणि तुमचाच पाळक निघाला असेल, तर तुमचं दुःख खरं आहे. तरीही सामान भरायच्या दिवशी एकदा जाऊन या. घर रिकामं करायला आठवडाभर जास्त देता आला तर द्या.

आणि तुम्ही हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लीम किंवा कुठल्याच धर्माचे नसाल, तर तुम्ही सगळ्यांत मोकळे आहात. तुमचा या वादात काही हितसंबंध नाही. त्यामुळे तुमच्या मदतीवर कुणी संशय घेणार नाही. आपल्यातले कितीतरी जण या देशात व्हिसा आणि नोकरी यांच्या जोडणीत अडकलेले आहेत. नोकरी गेली की घर, विमा, शाळा सगळं एकदम हलतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याचा अर्ज लिहून द्या. तुमच्या कंपनीत प्रशिक्षणाच्या किंवा मनुष्यबळाच्या विभागात जागा असेल तर नाव सुचवा. विम्याच्या ६० दिवसांची आठवण करून द्या. सामानाच्या ट्रकसाठी दोन हात द्या.

एकच पथ्य पाळा. मदतीच्या बदल्यात निर्णय मागू नका. उद्या तो म्हणाला, "माझं मन अजून ठरलेलं नाही," किंवा "मी आहे तिथेच राहतो," तरी डबा थांबू नये. डबा थांबला, तर तो आमिष होता असं ठरेल.

आणि रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो हेही विसरायला नको. २००९ मध्ये मायामीचे प्रसिद्ध कॅथलिक धर्मगुरू अल्बर्टो कुटिए एपिस्कोपल चर्चमध्ये गेले. कॅथलिक चर्च सोडून जाणाऱ्यालाही भाडं, विमा आणि मित्र लागतातच. ज्याला आपल्याकडे येणाऱ्याचीच तेवढी दया येते, त्यानं आपल्या दयेकडे एकदा नीट पाहावं.

तर बसथांब्यावरच्या त्या गृहस्थांना तुम्ही काय म्हणाल? धर्मशास्त्रातलं काही माहीत असायची गरज नाही. "घर सापडलं का? शनिवारी सामान हलवायला मी येतो. आणि संध्याकाळी वहिनींना, मुलांना घेऊन जेवायलाच या." एवढं पुरे आहे.